खिसे बघितलेत मी

ती कप्तान झाली, कारण नेमकी त्या वेळी ती तिथे नव्हती.

लाँड्रीच्या मॅनेजरने जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांना इस्त्रीच्या हॉलमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की कामगारांच्या क्रिकेट लीगमध्ये यंदापासून बायकांचेही सामने होणार आहेत, आपली टीम पाठवायची आहे, तर कप्तान कोण होतंय बोला. एरवी एकमेकींना बोलू न देणाऱ्या त्या बायका मूग गिळून बसल्या. मग कुणीतरी म्हणालं, अहो, ती मागच्या आवारात व्हॅनच्या ड्रायव्हरांना बॉलिंग टाकतेय ना, तिलाच करा. झालं. ती घाम पुसत आत आली तेव्हा सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. तिला वाटलं, कुणाचं तरी लग्न ठरलंय. म्हणून तिनेही वाजवल्या.

तेव्हापासून मॅनेजरपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे तिला कप्तानच म्हणू लागले. तिचा सख्खा मोठा भाऊ लाँड्रीची व्हॅन चालवायचा, तोही घरात "कप्तान, चहा टाकतेस का?" असं विचारायचा. म्हणत नसे ती एकटी वहिनी, म्हणजे त्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली त्या दिवशी "वन्सं" म्हणाली, आणि त्यानंतर आभाळ कोसळलं तरी वन्संच. भांडतानासुद्धा. "वन्सं, तुम्हाला काडीची अक्कल नाही," असं ती इतक्या मानाने म्हणायची की समोरच्याला राग यायला जरा वेळ लागायचा.

ही लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे कोट गाड्या भरभरून इथे येत. इमारतीला दोन बाजू होत्या. कोरड्या बाजूला इस्त्री, घड्या आणि सॉर्टिंगचं टेबल, जिथे आलेले कपडे रंगांप्रमाणे वेगळे करायचे आणि खिसे तपासायचे. ओल्या बाजूला खोलीएवढी वॉशिंग मशिनं, गमबूट, कायम निसरडी फरशी, आणि पाणी प्यायलेल्या चादरी, ज्या ओढून काढताना माणसाला आपली कंबर कुठे आहे ते बरोबर कळतं. वहिनीने उमेदीची सगळी वर्षं ओल्या बाजूला काढली होती. कंबर कामातून गेली, डॉक्टरांनी तंबी दिली, तेव्हा कुठे तिला सॉर्टिंगचं टेबल मिळालं. त्या टेबलाला ती जिवापाड जपायची.

जपायची म्हणजे काय, तर कुणावर विश्वास ठेवायची नाही. "खिसे बघितलेत मी" असं कुणीही सांगो, ती परत हात घालणारच. तिच्या हाताला किल्ल्या लागल्या होत्या, पेनं लागली होती, एकदा एका डॉक्टरांची कवळी लागली होती, आणि ती तिने रुमालात गुंडाळून स्वतः नेऊन दिली होती. घरीही तेच. कप्तानने कुलूप लावलं की वहिनी ते ओढून बघणार. गॅस बंद केलाय म्हटलं की उठून स्वयंपाकघरात जाणार. कप्तानच्या मनाला ते लागायचं. सगळ्या जगाने आपल्याला कप्तान मानलं, ही बाई काही मानत नाही, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

आता कप्तानगिरीचं सांगायचं, तर पहिल्या वर्षी त्यांची टीम अगदी मन लावून हरली. लाँड्रीवाल्यांचीच धुलाई झाली, हा विनोद त्या वर्षी लीगमधल्या प्रत्येक टीमने केला आणि प्रत्येकीला वाटलं की तो आपल्यालाच सुचला. कॅच उडाला की दोघी-तिघी धावायच्या, एकमेकींवर आदळायच्या आणि बॉल बिचारा मधेच पडायचा. कप्तानने आरडाओरडा करून पाहिला, समजावून पाहिलं, रुसून पाहिलं. कुणी भीक घातली नाही.

मग एक दिवस ती घड्यांच्या हॉलमध्ये नुसती उभी राहिली. चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, चालत एकमेकींकडे यायचं, टोकं दुसरीच्या हातात द्यायची, खाली वाकून मधली कड उचलायची. जुन्या जोड्या हे सगळं सासूच्या तक्रारी सांगता सांगता करतात, हाताकडे बघतसुद्धा नाहीत. कप्तानच्या डोक्यात प्रकाश पडला. मैदानावर आदळणाऱ्या याच बायका इथे कधी आदळत नाहीत, कारण इथे प्रत्येकीला आपली जोडीदारीण ठाऊक आहे. पुढच्या सामन्यापासून तिने घडीच्या जोड्या शेजारी-शेजारी उभ्या केल्या. कव्हरला एक जोडी, मिडविकेटला एक जोडी, लांब सीमेवर एक जोडी. दुसऱ्या टीमच्या लोकांना ही फिल्डिंग बघून हसू यायचं. पण कॅच सुटायचे थांबले.

तिची स्वतःची घडीची जोडीदारीण कोण? तर टेबलावरचं काम आटोपलं की घड्यांना येणारी वहिनी. सकाळी कुलपावरून कितीही वाजलेलं असो, चादर हातात आली की दोघींची घडी कधी वाकडी झाली नाही. कप्तान ऑफस्पिन टाकायची, म्हणून वहिनी विकेटकीपर झाली. कंबरेचं काय, असं दादाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर म्हणालेत ओझं उचलू नका. खाली बसू नका असं कुठे म्हणालेत?"

अशी वर्षं गेली. टीम कधी उपांत्य फेरीपर्यंत जायची, कधी त्याच्या अलीकडेच गळायची. कप्तानचे केस कानाजवळ पांढरे झाले, गुडघा पावलागणिक कुरकुर करायला लागला. लीगमध्ये एक रीत होती, फायनलचा बॉल जिंकणाऱ्या कप्तानकडे राहायचा. इतर टीमांच्या ऑफिसात काचेखाली ठेवलेले ते बॉल ती बघायची आणि विषय बदलायची. यंदा शेवटचं वर्ष, असं तिने ठरवलं होतं. आणि यंदाच, काय योग असतात बघा, तिची टीम फायनलला पोचली. समोर हॉस्पिटलच्या सिस्टरांची टीम.

फायनलच्या आदल्या दिवशी दोन्ही टीमांचे पांढरे कपडे लाँड्रीत एकाच मशिनमध्ये धुवायचे, ही पद्धत कप्तानने स्वतः पाडलेली. मळक्या कपड्यांतल्या बॉलरसमोर तिचं खेळात लक्षच लागत नसे. बॉल सोडून ती कॉलरीवरचा डाग बघत बसे. आपल्या टीमची फायनल असो नसो, दरवर्षी कपडे यायचे, आणि लीगला आता याची इतकी सवय झाली होती की त्याचे कुणी आभारही मानत नसे.

शनिवारी सकाळी सिस्टरांचं गाठोडं आलं. वहिनीने एकेक खिसा उलटा करून बघितला. मग आपल्या टीमचे कपडे घेतले. कप्तान धावत आली, आदल्या दिवशीच्या सरावाची पँट टेबलावर टाकली. इस्त्रीवाल्या बायका तिला हाका मारत होत्या.

"खिसे बघितलेत मी," ती जाता जाता म्हणाली.

बघितले नव्हते. खोटं बोलायचंही तिच्या मनात नव्हतं. घाईत तोंडातून निघून जातं तसं ते निघून गेलं.

अर्ध्या तासाने ती घड्या घालत असताना ओल्या बाजूकडून एक आवाज आला. धप्. मग परत धप्. मशिन फिरतंय आणि आत काहीतरी आपटतंय. इतर कुणाला तो मशिनचा आवाज वाटला असता. तिने जन्मभर बॉल आपटल्याचा आवाज ऐकला होता. फायनलच्या टीमांना सरावासाठी लीग एकेक कोरा करकरीत बॉल देते. तो तिच्या पँटच्या खिशात होता.

मशिन थांबवलं तोवर काचेआडचं पाणी लाल झालं होतं. दार उघडलं. दोन्ही टीमांचे सगळे कपडे गुलाबी. थोडेथोडके नव्हे, लहान मुलीच्या वाढदिवसाच्या फ्रॉकइतके गुलाबी.

मॅनेजर आला. तो वाईट माणूस नव्हता, पण लाँड्रीत एक नियम त्याच्याही आधीपासून होता: ज्याच्या हातून रंग लागला, तो ओल्या बाजूला जाणार. त्याने विचारलं, "टेबलावर कोण होतं?"

"मी," वहिनी म्हणाली.

"खिसे बघितले नाहीत?"

"नाही बघितले."

एवढंच. वन्संनी सांगितलं होतं, हे ती म्हणाली नाही. हात ॲप्रनला पुसत ती उभी राहिली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या कंबरेला बांधलेल्या पट्ट्याकडे बघितलं आणि माना खाली घातल्या. कप्तानला एका क्षणात सगळं दिसलं. आपण गप्प राहिलो तर उद्याची फायनल आपली. खापर आयतंच वहिनीच्या डोक्यावर फुटलेलं आहे. बोललो तर मॅनेजर काय शिक्षा देईल कोण जाणे, कदाचित उद्या खेळूही देणार नाही. आणि गप्प राहिलो तर ही बाई सोमवारपासून गमबूट घालून ओल्या चादरी ओढणार, आणि सहा महिन्यांत अंथरूण धरणार.

तिला विचार करावा लागला याचीच तिला लाज वाटली.

"बॉल माझा आहे," ती म्हणाली. "पँट माझी आहे. खिसे बघितलेत असं मी सांगितलं हिला. बघितले नव्हते. ओल्या बाजूला मी जाते. हिला टेबलावरून हलवू नका."

मॅनेजरने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "सोमवारपासून," तो म्हणाला. "आणि सिस्टरांना तोंड तुम्हीच दाखवायचं."

तो गेल्यावर दोघींनी कपडे थंड पाण्याच्या हौदात टाकले. गरम पाण्याने रंग पक्का बसतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. दोघी वाकून कपडे खळबळत राहिल्या, पाणी बदलत राहिल्या.

"तू खिसे का नाही बघितलेस गं?" शेवटी कप्तानने विचारलं. "दादाचे बघतेस. डॉक्टरांचे बघतेस. मी लावलेलं कुलूप ओढून बघतेस."

"बघितलेत म्हणालात ना तुम्ही."

"सगळेच म्हणतात. तू कुणाच्या शब्दावर जात नाहीस."

"कुणाच्या जात नाही," वहिनी पाण्यात बघत म्हणाली. "घरातलं सोडा. घरात तुम्ही वेंधळ्या आहात. पण मैदानाच्या कपड्यांचं तुम्ही कधी चुकत नाही. कप्तानचे खिसे मी कशाला बघू?"

कप्तान तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती. नेमका आज. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही, हात ओले होते.

संध्याकाळपर्यंत रंग बराचसा उतरला, पण पुरता गेला नाही. गुलाबी म्हणावं तर कुणी हसेल, पांढरं म्हणावं तर आपलंच मन खाईल, असे कपडे झाले. कप्तान सिस्टरांचं गाठोडं घेऊन हॉस्पिटलला गेली. त्यांच्या टीमच्या कप्तानला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. ऑपरेशनच्या खोलीचा सगळा कारभार त्यांच्याकडे, आवाज असा की पेशंट भूल द्यायच्या आधीच गप्प व्हायचे.

कप्तानने सगळं सांगितलं. "चूक आमची आहे," ती म्हणाली. "पांढरे कपडे नसतील तर टीम बाद, असा नियम आहे. उद्या सेक्रेटरींनी हरकत घेतली तर मी सांगणार, आम्ही सामना सोडतो. कप तुमचा."

मोठ्या सिस्टरांनी एक शर्ट उचलून खिडकीशी धरला. "दोन्ही टीमांचे असेच आहेत?"

"हो."

"मग झालं तर. फुकटचा कप घेऊन मी तो कुठे ठेवू? उद्या वेळेवर या. आणि रडून आलात वाटतं? डोळे धुवा, आत बेसिन आहे."

रात्री जेवताना कप्तानने घरात सांगून टाकलं. "उद्या मी खेळते. पण कप्तान वहिनी."

दादाचा घास हातातच राहिला. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हाला काडीची अक्कल नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घासलीत ते उद्या आहे."

"माझा शब्द खाली पडलाय. टीमला मी काय तोंडाने सांगू, इथे उभी राहा, तिथे उभी राहा? उद्या जिचा शब्द खरा आहे तिने सांगावं."

वहिनी उठली, स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद आहे का ते बघून आली. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण मग माझं ऐकायचं."

मैदानावर नव्या कप्तानने पहिली गोष्ट काय केली असेल? सगळ्या टीमला ओळीत उभं करून खिसे उलटे करायला लावले. वन्संचेही. तेवढ्यात लीगचे सेक्रेटरी आले. पूर्वी पंच होते, नियम म्हटला की डोळे चमकायचे. ते थबकले.

"हे कपडे गुलाबी दिसताहेत."

"कुठले?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"तुमचे. त्यांचेही."

"चष्मा कधी बदललात शेवटचा?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोन्ही टीमा त्यांच्याकडे बघत होत्या. ऊन चांगलं वर आलं होतं. "उन्हात तसे पांढरेच वाटतात," ते हळूच म्हणाले आणि टॉससाठी नाणं शोधू लागले.

लाँड्रीने आधी बॅटिंग केली आणि रन बेताचेच काढले. सिस्टर खेळायला आल्या, त्यांनी घाई केली नाही. शेवटच्या ओव्हरला त्यांना चारच रन हवे होते, शेवटची जोडी होती आणि समोर स्वतः मोठ्या सिस्टर. वहिनीने विकेटमागून बॉल घेतला, चालत आली आणि नणंदेसमोर धरला.

"मला नको," नणंद म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दे. हात थरथरतोय माझा."

"दाखवा."

तिने हात पुढे केला. वहिनीने तो धरला, उलटा केला, सुलटा केला, खिसा बघावा तसा नीट बघितला. "काही झालेलं नाही," ती म्हणाली. "टाका. फिल्डिंग तुमचीच आहे, जोड्या हलवलेल्या नाहीत मी."

पहिल्या दोन बॉलवर एकेक रन गेला. तिसरा मोठ्या सिस्टरांनी अडवला. चौथा टाकायला ती वळली तेव्हा तिला विकेटमागे बसलेली वहिनी दिसली. कंबरेला पट्टा, अंगात फिकट गुलाबी शर्ट, दोन्ही हात पुढे. चादरीची टोकं घ्यायला ती असेच हात करायची. नणंदेने बॉल जरा हळू सोडला. मोठ्या सिस्टर पुढे आल्या, त्यांनी जोरात बॅट फिरवली, आणि बॉल वळून आत गेला. वहिनीच्या हातांनी तो घेतला आणि स्टंप उडवले, एकाच हालचालीत. पंचांचं बोट वर गेलं. जोड्या जोड्यांनी बायका धावत सुटल्या, आणि त्या दिवशी मात्र सगळ्या एकमेकींवर आदळल्या.

मोठ्या सिस्टर बॅट काखेत मारून आल्या. "पुढच्या वर्षी आमचे कपडे आम्ही घरी धुणार," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. सेक्रेटरींनी रीतीप्रमाणे फायनलचा बॉल जिंकणाऱ्या कप्तानच्या हातात दिला. वहिनीने तो घेतला, कप उचलायला मात्र नणंदेला पुढे केलं. नणंद हसत होती, पण तिचं लक्ष त्या बॉलकडे जात होतं आणि ते तिला आवडत नव्हतं. ज्याचं त्याला मिळालं, असं तिने स्वतःला बजावलं. मनापासून बजावलं, तरी थोडं दुखायचं ते दुखलंच.

सोमवारी सकाळी तिने गमबूट चढवले. ओल्या बाजूची फरशी तशीच निसरडी होती. गुडघा कुरकुरला, तिने त्याला दटावलं. सामन्याचे कपडे धुवायला आले होते. वहिनीने टेबलावर ते वेगळे केले आणि ट्रॉली ढकलत मशिनपर्यंत आणून दिली. सगळ्यात वर वहिनीची स्वतःची पँट होती, गुडघ्यांवर मैदानाची माती.

"खिसे बघितलेत मी," वहिनी म्हणाली.

कप्तान दार उघडून कपडे आत टाकायला लागली. पँट हातात घेतली आणि थांबली. वहिनी पाठ फिरवून टेबलाकडे चालली होती. वहिनीचा शब्द, त्यावर कोण शंका घेणार? पण कप्तानने आता कानाला खडा लावला होता. तिने खिशात हात घातला.

आत गोल, खरखरीत काहीतरी लागलं. तिने ते बाहेर काढलं. एका बाजूने चकाकी गेलेला, शिवण जराशी उसवलेला, कालचा बॉल.

"वहिनी," तिने हाक मारली.

वहिनीने मागे वळूनही बघितलं नाही. टेबलावरचा एक कोट उचलून तिने त्याचा खिसा उलटा केला. "बघितलात ना खिसा?" ती म्हणाली. "मग पुढच्या वर्षी कप्तान तुम्हीच. माझ्याच्याने ती दगदग होत नाही."